धावायच्या चड्डीला फॉल

सांगून टाकते एकदाचं. मी माझ्या सुनेच्या धावायच्या चड्डीला साडीचा फॉल लावला होता.

हसा. दुसऱ्या कुणी लावला असता तर मीही हसले असते. साडी नेसणाऱ्यांना फॉल म्हणजे काय ते सांगायला नको, पण ज्यांनी साडीचा काठ कधी उलटून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. निऱ्यांच्या खालच्या काठाला आतून एक सुती पट्टी लावतात, चार बोटं रुंद. काठ टाचेखाली येऊन फाटू नये, त्याला वजन यावं, निऱ्या वाऱ्यावर उडू नयेत, म्हणून. लालबागच्या चाळीत तीस वर्षं मी हाच धंदा केला. फॉल, पिको, ब्लाउजचे हुक. त्यामुळे जगातल्या कुठल्याही उडणाऱ्या वस्तूवर माझ्याकडे एकच औषध होतं. उडतंय? लावा फॉल.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. मी तेव्हा अठ्ठावन्नची होते. म्हणजे मूर्खपणाला वयाची सवलत मागावी, तर तीही सोय नाही. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या, आणि आपल्याला सगळ्या जगाची मापं कळतात असा चेहरा. त्या बाईला आज मी कुठे भेटले ना, तर पहिल्यांदा तिच्या तोंडातल्या टाचण्या काढून घेईन. मग तिला बोलू देईन. मग तिला हसेन. रडायचं ते घरी येऊन.

मुंबईच्या थंडीला थंडी म्हणणं म्हणजे शेजारी तळलेल्या पापडाच्या वासावर आपलं जेवण उरकणं. पण येते ती. डिसेंबर निम्मा सरला की पहाटे नळाचं पाणी बोटांना चावतं, बाटलीतलं खोबरेल तेल पांढरं पडतं, कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा स्वेटर निघतो, आणि रस्त्यावर धावणारी माणसं उगवतात. जानेवारीतल्या शर्यतींची तयारी. पूर्वी या वेळेला रस्त्यावर दूधवाले, पेपरवाले आणि परळच्या हॉस्पिटलात नंबर लावायला निघालेली, हातात फाइल धरलेली माणसं दिसायची. आता त्यांच्यामधून वाट काढत पोपटी, गुलाबी, नारिंगी बुटांची माणसं जातात. फाइलवाली माणसं त्यांच्याकडे बघत राहतात. कसल्या नजरेने बघतात ते मला ठाऊक आहे. आमचा मुलगा प्रशांत गेला, त्या सकाळी मीही हातात फाइल धरून तिथेच उभी होते.

हे सगळं आता मी एकविसाव्या मजल्यावरून बघते. आमची चाळ पाडली, तिथे टॉवर झाला. खोली मोठी मिळाली, संडास घरात आला, खिडकीतून शिवडीकडचं पाणी चमकताना दिसतं. फक्त गॅलरी गेली. ती लांब लाकडी गॅलरी, कठड्यावर वाळत घातलेली गोधडी, दर दोन दारांआड एक स्टूल आणि स्टुलावर एक बाई. कोण कधी गेलं, काय घालून गेलं, कुणाबरोबर परत आलं, याची नोंद त्या स्टुलांवर व्हायची. आता लिफ्टचं दार उघडतं, बंद होतं. बाराव्या मजल्यावरची एक मुलगी रोज पहाटे टीचभर चड्डीत खाली उतरते. एकदा लिफ्टमध्ये तिच्यासोबत मी होते, एक कुत्रा होता आणि एक म्हातारे गृहस्थ होते. कुणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुत्र्यानेसुद्धा नाही. मी मात्र घरी येऊन बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. ज्या डोळ्यांच्या धाकाने मी हातात सुई घेतली होती, ते डोळे कुठे गेले? पाडकामाच्या ट्रकमध्ये भरून कुठल्या खाडीत भरणी केली त्यांची?

गेल्या आठवड्यात तनू आली. माझी नात, एकोणीस वर्षांची. आईबरोबर पुण्याला असते. सणावारी येते, दोन दिवस राहते, माझ्या फोनमधल्या नको त्या गोष्टी काढून टाकते आणि जाते. या वेळी म्हणाली, "आजी, मला शॉर्ट्स घ्यायच्यात. दादरला चल माझ्याबरोबर. तुला कापडातलं कळतं."

"कसली चड्डी?"

"शॉर्ट्स म्हण गं."

"गुडघ्याच्या वर संपते ती चड्डी. कसली?"

तिने समजावलं. पुढच्या महिन्यात घाटात शर्यत आहे, डोंगरातल्या पायवाटेवरून एकवीस किलोमीटर. ती झाली की मैत्रिणींबरोबर तिकडूनच मालवणला, दहा दिवस, पाठीवर एक सॅक. ओझं नको, म्हणून एकच शॉर्ट्स दोन्हीकडे चालली पाहिजे. धावायला पण आणि प्रवासाला पण. पटकन सुकणारी. आणि हलकी. "एकदम हलकी पाहिजे, आजी."

हा शब्द काही माझा पाठ सोडत नाही.

मराठीत हलकं म्हणजे किती काय काय. ताप उतरला की अंग हलकं होतं. रडून झालं की मन हलकं होतं. दूधभात पोटाला हलका. बाळंतपणाला हात हलका लागतो. इथपर्यंत सगळं चांगलं. मग कापड हलकं निघतं, म्हणजे पैसे वाया गेले. माणूस हलक्या कानाचा, म्हणजे कुणाचंही ऐकणारा. आणि बाई हलकी म्हटली की संपलंच, पुढे काही सांगावं लागत नाही. पुरुष हलका नसतो कधी, बघा. फार तर त्याचे कान हलके असतात. सगळी आयुष्यं या एका शब्दात शिवून टाकलेली, आणि कुठली शिवण कुठे बोचेल ते शब्द उच्चारेपर्यंत कळत नाही.

दादर पश्चिमेला फूलबाजाराच्या अलीकडच्या गल्लीत खेळाच्या सामानाचं दुकान आहे. दाराशी झेंडूचा आणि आत रबराचा वास. दुकानदार पन्नाशीचा, पोट काउंटरवर टेकवून उभा. स्वतः शेवटचा धावला असेल तो बहुतेक एखाद्या बसमागे.

"किती इंच?" त्याने विचारलं.

"अठ्ठावीस," मी म्हटलं.

"कंबर नाही हो आजी. मांडीची शिवण. तीन, पाच, सात."

"नऊ नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं. तनूने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गप्प बसले. नऊ वर्षांत एवढं तरी शिकले आहे.

त्याने दहाबारा चड्ड्यांचा ढीग टाकला. मी एकेक उचलून उलटी करायला लागले. कापड समोरून गोडच बोलतं. उलटं केलं की खरं कळतं. बाहेर उभी राहणारी शिवण बाजूला टाकली. मांडीच्या आत बसेल ती शिवण चपटी पाहिजे. बोट फिरवलं तर कुठे सुरू झाली ते कळता कामा नये. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडं पातळ असतं, तिथे घासून बघितली. तोंडाशी धरून फुंकर मारली. पलीकडच्या तळहाताला वारा लागला पाहिजे. मुठीत चुरगाळली, अख्खी चड्डी मुठीत मावून वर बोटं मिटली पाहिजेत, नाहीतर सॅकमध्ये जागा खाते. आतली जाळी ओढून पाहिली, काचणारी आहे की निसटणारी. नेफ्यातली नाडी आतून बांधायची आहे ना, ते बघितलं. बाहेरची नाडी झुडपात अडकते. खिसा मागे, कमरेच्या मधोमध, चेनचा. किल्ली आणि घडी घातलेली नोट मावली की बास. बाजूच्या खिशात काही ठेवलं की ते धावताना मांडीवर आपटत राहतं. मग मी तनूच्या बाटलीतलं पाणी एका चड्डीच्या कोपऱ्यावर टाकलं.

"अहो आजी, नवा माल आहे," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच. घाम काय जुन्या मालालाच येतो?"

पाणी पसरलं, झटकलं, दोन मिनिटं हातावर धरून बसले. सुकलं. दुकानदार आता पोट सावरून पुढे झुकून बघत होता.

"तुम्ही धावता काय, आजी?"

"नाही हो. मी एकीला थांबवलंय."

तनू हसली. तिला वाटलं, आजीचा नेहमीचा विनोद.

तिची आई, अश्विनी. माझी सून. प्रशांत गेला तेव्हा ती चौतिशीची होती आणि तनू आठ वर्षांची. प्रशांत संध्याकाळी ऑफिसच्या जिन्यात खाली बसला तो उठलाच नाही, दुसऱ्या सकाळी हॉस्पिटलात सगळं संपलं. त्यानंतर वर्षभर घरात आम्ही तिघी होतो आणि मशीनचा आवाज होता. मी मशीन थांबवत नव्हते, कारण ते थांबलं की घरात काय ऐकू येतं ते मला ऐकायचं नव्हतं. अश्विनी बँकेतून यायची, स्वयंपाक करायची, भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. वजन वाढत नव्हतं तिचं, पण चालताना फरशीवर पाऊल असं पडायचं, जणू डोक्यावर हंडा आहे.

मग कुणीतरी बँकेत सांगितलं म्हणून ती सकाळी चालायला लागली. चालता चालता धावायला लागली. हिवाळ्याचेच दिवस होते. अंधुक उजाडायला निघायची. परळवरून दादर, तिथून माटुंग्याला पाच बागांना फेरी घालून वडाळ्यावरून परत. आली की कपाळावरचे केस ओले, गाल लाल, आणि ती मोरीत गुणगुणायची. माझ्या मुलाच्या फोटोसमोर हार होता आणि त्याची बायको मोरीत गुणगुणत होती. मला ते गाणं सहन झालं नाही. हे आज लिहिते आहे. तेव्हा मी म्हणायचे, पोरीची काळजी वाटते, लोक काय म्हणतील.

एकदा तिला विचारलं मी, "काय मिळतं गं तुला असं ऊर फुटेस्तोवर धावून?"

ती बुटाची नाडी सोडत होती. म्हणाली, "तेवढा वेळ हलकं वाटतं, आई."

मी आत जाऊन मशीनवर बसले आणि दिवसभर तो शब्द पायाखाली दाबत राहिले.

पुढच्या वर्षी तिने नाव घातलं घाटातल्या शर्यतीला. चार महिने तयारी केली. बाकी दिवस जुन्या पँटवर धावायची, पण शर्यतीसाठी म्हणून काळी चड्डी विकत आणली. पाच इंची असेल, आता कळतं. तेव्हा मला दिसले ते फक्त तिचे पाय. घालून बघितली आणि पाण्याची बाटली भरायला गॅलरीत आली. एवढंच. पण समोरच्या स्टुलावर सुलूताई होत्या, आमच्या मालवणच्या. त्यांनी पदर सावरला, जणू थंडी त्यांच्याच मांड्यांना वाजली. "तुजी सून खंय चल्ली गो चड्डी घालून?" त्यांनी मला विचारलं, अश्विनीला नाही. "वाऱ्यार उडता ती. काय तरी कर गो."

काय तरी कर. माझ्यासारख्या बाईला कुणी असं सांगितलं की हात शिवशिवतात.

दिवस संक्रांतीचे. आमच्या धंद्याचा तो काळा हंगाम. घरात काळ्या साड्यांचे ढीग. चंद्रकळा, काळी पैठणी, काळ्यावर पांढरे ठिपके, काळ्यावर सोनेरी काठ. सगळ्यांना काळे फॉल. खोलीभर काळ्या दोऱ्याचं कुसळ, भातातसुद्धा सापडायचं. अर्ध्या लालबागच्या बायका हळदीकुंकवाला माझ्या हाताचा फॉल लावून जायच्या, आणि मला त्यातल्या एकीचंही बोलावणं नसायचं, प्रशांतचे बाबा गेल्यापासून. सवय झाली होती. आता आमच्या घरात बोलावणं नसलेल्या दोघी झाल्या. दुसरी कुणी असती तर तिने दुसरीला जवळ घेतलं असतं. मी तिला मापात बसवायला निघाले. माझं तारुण्य मी ज्या पट्टीने खाली दाबून ठेवलं होतं, तीच पट्टी माझ्याकडे गठ्ठ्यांनी पडली होती.

आणि सोंग तरी किती. मी स्वतः गिरगावात शाळेत असताना खो-खो खेळले आहे, परकराचा काचा मारून, सगळी पोटरी उघडी टाकून. खांबाला वळसा घालताना कानात वारं भरायचं ते मला अजून आठवतं. पण अठ्ठावन्नच्या त्या शहाणीला नाही आठवलं.

मी अश्विनीला म्हटलं, "नवं वस्त्र आहे, दे इकडे, देवापुढे ठेवते, कुंकू लावते कोपऱ्याला." तिला बरं वाटलं असणार. चेहरा उजळला तिचा. हातात देताना म्हणाली, "आई, आशीर्वाद पण मागा." ती बँकेत गेली, तनू शाळेत. दुपारच्या दोन तासांत मी दोन्ही पायांच्या काठाला आतून काळा सुती फॉल लावला. खालून मशीन, वरून हातशिलाई. बाहेरून टाका दिसणार नाही असा. काठाला वजन आलं. हातात धरून झटकली, उडाली नाही. मी खूश. वर कुंकवाचं बोट लावलं, घडी घातली, देवापुढे ठेवली.

आणि एक चूक केली, जी तीस वर्षांत कधी केली नव्हती. फॉल आधी भिजवून, सुकवून मगच लावायचा असतो. कोरा लावला तर पहिल्या पाण्यात आटतो, कापड ओढून धरतो, चुण्या पाडतो. हे आमच्या धंद्याचं मुळाक्षर. गिऱ्हाइकाच्या साडीला मी कधी कोरा फॉल लावला नाही. सुनेच्या चड्डीला लावला, कारण संध्याकाळच्या आत काम उरकायचं होतं. कुणाला कळायला नको होतं.

ती भल्या पहाटे गेली, बँकेतल्या मैत्रिणीच्या गाडीतून. तनूने आदल्या दिवशीच मेडल अडकवायला भिंतीत खिळा ठोकून घेतला होता. दिवसभर ती खिळ्याखाली बसून चित्रं काढत होती. मी काळ्या साड्या शिवत होते. मनात म्हणत होते, देवा, नीट येऊ दे. आणि त्याच मनात, त्याच्याच खालच्या घडीत, म्हणत होते, नाही जमलं तर बरं होईल, येईल मग ताळ्यावर.

दुसरी प्रार्थना ऐकली गेली.

दुपारी ती आली. दारातून आत येताना पाय फाकवून चालत होती, बाळंतिणीसारखी. मेडल नव्हतं. "चौदाव्या किलोमीटरला बसले," एवढंच म्हणाली. चपला काढल्या आणि मोरीत गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मग तिच्या दातांतून जो आवाज निघाला, तो मी अजून ऐकते. घामाने कोरा फॉल आटला होता. दोन्ही काठांना चुण्या पडून त्यांची दोरी झाली होती, आणि चौदा किलोमीटर, चढ-उतार, ती दोरी तिच्या मांड्या सोलत होती. मी वाटीत खोबरेल तेल घेतलं. गोठलेलं होतं, तळहातावर वितळवलं. मोरीच्या दाराशी उभी राहिले. कडी आतून होती.

त्या वेळी मला बोलता आलं असतं. दारात उभं राहून चार शब्द. माझ्यामुळे झालं गं, एवढेच. तेल हातात वितळत होतं, बोटांमधून ठिबकत होतं. आणि त्या बाईने, त्या टेपवालीने, बंद दाराला सांगितलं, "कापडच हलकं दिलंय मेल्याने. अशा हलक्या वस्तू अंगाला लागतातच."

नंतर चड्डी दोरीवर दिसली नाही, कचऱ्यातही नाही. मला वाटलं, तिला कळलंच नाही. एवढ्या वेदनेत कोण काठ उलटून बघतंय? मी सुटले असं मला वाटलं. काही दिवस तर मी चक्क आनंदात होते. ती धावायची थांबली, सकाळी उशिरापर्यंत घरात असायची. सुलूताई म्हणाल्या, "आता कशी शाणी झाली." मी मान हलवली.

एप्रिलमध्ये तिने पुण्याला बदली मागून घेतली. तिची आई तिथे असते. तनूची परीक्षा झाली आणि दोघी गेल्या. भांडण नाही, शब्द नाही. वाकून नमस्कार केला, म्हणाली, "येत जाऊ, आई." खिळा तेवढा भिंतीत राहिला, तो चाळीबरोबर गेला. मी घर टिकवायला निघाले होते. मुलगा देवाने नेला, पण सून आणि नात मी माझ्या हाताने, दोन तासांत, दुपारच्या उजेडात घालवल्या.

लोक म्हणतात, काळ जखमा भरतो. मांडीचं कातडं भरतं, पंधरा दिवसांत. बाकीचं मी नऊ हिवाळे बघते आहे. दर वर्षी डिसेंबर येतो, तेल गोठतं, आणि मी तेलाची बाटली उन्हात ठेवायला जाते आणि हात मध्येच थांबतो.

दुकानात तनूने शेवटी एक निवडली, करड्या रंगाची, पाच इंची. पडदा बाजूला करून घालून आली, दोन उड्या मारल्या, खाली बसली, उठली, गुडघा छातीशी नेला. "आजी, काहीच घातल्यासारखं वाटत नाहीये."

"अगं, मग हीच घे," मी म्हटलं. "आणि ऐक. शर्यतीच्या दिवशी नवी म्हणून राखून ठेवू नकोस. आधी आठ दिवस रोज घालून धाव. धू, सुकव, परत धाव. कुठे बोचली तर आत्ताच बोचू दे."

"मम्मी पण हेच म्हणाली," तनू म्हणाली. "तिला सगळं माहितीये. इंच, जाळी, शिवण. मला वाटलं नव्हतं."

"ती धावते का गं आता कधी?"

"मम्मी?" तनू पिशवी घेत म्हणाली. "आजी, ती दुसऱ्या मजल्याला लिफ्ट घेते. बीपीची गोळी आहे, शुगर आहे. डॉक्टर चाला म्हणतात, ती चालत नाही. मी चिडते तिच्यावर. म्हणते, उठ ना, जड झालीयेस किती. हसते नुसती."

जड. बाहेर फूलबाजारात पाणी मारत होते. शेवंतीच्या ढिगावरून थंड वाफ येत होती. मी एका पायरीवर टेकले. तनू घाबरली. मी म्हटलं, काही नाही, गुडघा. तुझ्या आईला फोन लाव.

माझं वय सदुसष्ट. पाय कुठे जायला निघालेत ते मला दिसतं. कबुली घेऊन वर जाण्यात काही अर्थ नाही. तिकडे ती कुणाच्या उपयोगाची? आणि इकडे तरी आता कुणाच्या उपयोगाची होती? ज्या पायांचं नुकसान झालं ते पाय आता धावणार नव्हते. माफी मागून कातडं मागे येत नाही, पस्तिशी येत नाही, मोरीतलं गाणं तर नाहीच. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी फोन कानाला लागला होता. तनू समोर हार बघत उभी होती.

"हॅलो, आई? घेतली का शॉर्ट्स?" अश्विनीचा आवाज. मागे कुकरची शिट्टी.

मी सरळ सांगितलं. उतारवयात एकच गोष्ट बरी होते, प्रस्तावना करायला दम उरत नाही. "अश्विनी, ती तुझी काळी चड्डी. शर्यतीची. तिला मी फॉल लावला होता. कोरा. तू बँकेत गेल्यावर. कापड हलकं नव्हतं."

तिकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती बोलली, सावकाश, जणू कुणा तिसऱ्याबद्दल सांगते आहे.

"आई, मी शर्यतीच्या ठिकाणी घालतानाच बघितला होता तो. सेफ्टी पिन होती माझ्याकडे, उसवायला वेळही होता. पण बाकीच्या बायकांना सोडायला त्यांचे नवरे आले होते. म्हटलं, माझ्यासाठी घरून कुणीतरी एवढं बसून शिवलंय, राहू दे अंगावर."